पडदेवालीचं जहाज

खरं सांगायचं तर मास्तरला मी फार थोडं ओळखत होतो. आम्ही एकाच इमारतीत बरीच वर्षं राहिलो. तळमजल्यावर तिचं दुकान, पहिल्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या आणि त्यांच्या डोक्यावर मी. तरी तिचं माहेर कुठलं, ती किती शिकली, तिला गाणं कुठलं आवडायचं, झोप येत नसली की ती काय करायची, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. मी विचारणारा माणूस नाही. समोरच्याने सांगितलं तर ऐकतो, नाही सांगितलं तर खिडकीबाहेर बघतो.

आता तिच्या मुलीचा निरोप आला आहे. आईला पन्नास पूर्ण होतायत, ओळखीच्या सगळ्यांकडून तिच्याबद्दल काहीतरी लिहून घेऊन ती आईला देणार आहे. "आजोबा, तुम्हीपण लिहा. आणि मला त्यात बारकी म्हणू नका." पाणीखात्यात असताना मी आयुष्यभर जे लिहिलं ते सगळं 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने' असं सुरू व्हायचं, त्यामुळे हे कितपत जमेल कोण जाणे. मला मास्तरची एकच गोष्ट नीट माहीत आहे, कारण तेव्हा मी तिथे बसलो होतो. तीच सांगतो.

मास्तर पडदे शिवते. तिचे सासरे त्याच दुकानात शिवणकाम करायचे आणि गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची. ते गेल्यावर मशीन, कात्री आणि कापायचं टेबल यांच्याबरोबर ते नावही सुनेकडे आलं. कपडे मात्र तिने कधी शिवले नाहीत. "माणसं हलतात हो काका," ती म्हणायची. "आज माप घ्यावं तर उद्या पोट सुटलेलं. खिडक्या कशा, शब्दाला पक्क्या." टेप तिच्या गळ्यात इतकी कायम असायची की एकदा ती तशीच एका लग्नाला गेली आणि नवरानवरीबरोबरच्या फोटोत टेपसकट आली.

तिचा एक नियम होता. ट्रायल घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. कोणी नवं घर घेतलं की ही त्यांच्या खिडकीला आधी जुन्या चादरी टाचायची, त्या लोकांना खोलीत बसवायची, सकाळी ऊन कुठे येतं, संध्याकाळी समोरच्या घरातून काय दिसतं ते बघायला लावायची. गिऱ्हाईक कंटाळायचं. "अहो, शिवून टाका ना एकदाचे!" असं म्हणायचं. ती ऐकायची नाही. "कापलेलं परत जोडता येतं," म्हणायची, "पण जोड दिसतो."

तिचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. इमारतीत त्याला सगळे पायलट म्हणायचे. आठवड्यातले दोन दिवस घरी असायचा आणि ते दोन दिवस आख्ख्या इमारतीला कळायचं, कारण त्याचा आवाज आणि त्याच्या बसचा हॉर्न यात फारसा फरक नव्हता. मनाने लोण्याचा गोळा. खोट एवढीच, की दुसऱ्याच्या गाडीत बसला की त्याचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. एकदा तिघं डोंगरावर फिरायला गेली, तर हा संपूर्ण रस्ता त्या बसच्या ड्रायव्हरच्या कानाशी उभा. "अरे, वळण आहे. अरे, गिअर. अरे, समोर बघ." शेवटी त्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, एकतर तुम्ही चालवा, नाहीतर मला उतरू द्या." मास्तरची निम्मी सुट्टी नवऱ्याच्या वतीने माफी मागण्यात गेली आणि उरलेली निम्मी गिऱ्हाइकांचे फोन घेण्यात.

म्हणून त्या वर्षी तिच्या डोक्यात जहाज आलं.

"जहाजाला रस्ता नाही," ती मला म्हणाली. मी दुकानाच्या दाराशी माझ्या खुर्चीवर पेपर वाचत होतो. "रस्ता नाही म्हणजे वळण नाही. मध्यसमुद्रात माझा फोन लागणार नाही. आणि..." तिने वर छताकडे, म्हणजे तिच्या घराकडे बघितलं, "पोरीला पळून जायला जागा नाही."

मुलगी तेव्हा अकरा संपवत बाराच्या उंबऱ्यावर होती. वर्षभरापूर्वीपर्यंत ती कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या उशा करायची आणि दिवसभर चिवचिवायची. मग अचानक 'हं', 'नाही' आणि 'बघू' एवढ्यावर आली. बारकी म्हटलं की ओ द्यायची बंद झाली. आपटायला स्वतःचं दार नव्हतं म्हणून कपाटाचं आपटायची. जहाजाचं नाव काढताच तिने सांगून टाकलं, "मी येणार नाही. मी सुट्टीत आत्याकडे जाणार आहे."

मास्तरने ते मला सांगितलं तेव्हा तिची मशीन चालू होती, पण सुईखाली कापड नव्हतं.

"यंदा नाही आली ना काका, तर पुढच्या वर्षी मी विचारायचीसुद्धा नाही. मला हिंमतच होणार नाही," ती म्हणाली. "सॅटिनसारखं झालंय बघा तिचं. घट्ट धरलं की चुरगळतं, सोडलं की घसरून खाली."

मी खिडकीबाहेर बघितलं.

चौकात सहलींची बुकिंगं करणारं ऑफिस होतं. तिथल्या बाईला आम्ही बुकिंगवाली म्हणायचो. तिच्याकडून मास्तरने तीन जहाजांची चकचकीत पुस्तकं आणली आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पहिलं जहाज म्हणजे तरंगतं गावच. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, नाटकगृह, पावलापावलाला खायच्या जागा. दुसरं जरा लहान, पण प्रत्येक खोलीला सज्जा. तिसरं जुनं आणि बुटकं. त्यात पोहायचा एक तलाव, एक वाचनालय आणि उन्हात टाकलेल्या आरामखुर्च्या. ते पुस्तक बुकिंगवालीने नुसतं भरीला दिलं असावं.

त्या दिवशी पायलट घरी होता. मुलीला हाक मारून खाली बोलावलं, ती आली आणि टेबलापासून दोन हात लांब उभी राहिली.

"हे बघ, घसरगुंडी!" पायलट म्हणाला. "केवढी उंच! वरून सोडलं की थेट पाण्यात!"

"मग तुम्ही जा."

"आणि मुलांचा वेगळा विभाग आहे," मास्तर चष्मा वर ढकलत वाचायला लागली. "अकरापर्यंतच्यांचा लहान गट, बारापासून पुढे मोठा गट."

"मी कुठल्या?"

मास्तरने लगेच बुकिंगवालीला फोन लावला. मुलीचा वाढदिवस नेमका प्रवासाच्या मध्ये येत होता. फोनवरून उत्तर आलं की जहाजात पाऊल टाकाल त्या दिवशीचं वय धरतात.

"म्हणजे मी लहान गटात," मुलगी म्हणाली. "फुगे रंगवायचे आणि कुणीतरी मावशी येऊन माझं नाक पुसणार."

"अगं, पण मध्येच बारा पूर्ण झाली की..."

"की काय? जिन्यात उभं करून मोठ्या गटात ढकलणार?"

पायलट मोठ्याने हसला. त्याने ते करायला नको होतं. मुलगी वर गेली आणि कपाटाचं दार आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"तुझंच चुकतं," पायलट बायकोला म्हणाला. "लहान आहे अजून. तिला काय विचारायचं? उचलायची आणि न्यायची."

"उचला," मास्तर म्हणाली. "जा वर. उचलून दाखवा."

तो खरंच गेला. थोड्या वेळाने कमरेवर हात ठेवून जिना उतरला आणि "वाढलीय" एवढंच बोलून स्टुलावर टेकला.

मास्तरने ठरवलं ते तेव्हाच. पोरगी स्वतःच्या तोंडाने हो म्हणाली तरच बुकिंग करायचं, नाहीतर कोणीच जायचं नाही. बुकिंगवालीने घसरगुंडीवाल्या जहाजातली एक खोली त्यांच्या नावाने सोमवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवली होती. त्या जहाजाला गर्दी फार होती. मध्ये फक्त रविवार उरला.

"मग ट्रायल घेऊ," मास्तर म्हणाली.

"कशाची?" मी आणि पायलटने एकदमच विचारलं.

"खोलीची. तिघांनी एका खोलीत राहायचंय ना? राहून बघू."

रविवारी सकाळी मी खाली उतरलो तर दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, मशीनी भिंतीला सारलेल्या आणि मास्तर गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूने रेघा मारत होती. हा पलंग, हे कपाट, हे न्हाणीघर, हे दार. तिसऱ्या माणसाचा पलंग जहाजात छताला असतो आणि झोपताना खाली ओढतात असं पुस्तकात होतं. त्यासाठी तिने कापडाचे तागे ठेवायचा लाकडी माळा रिकामा करून वर गादी टाकली होती.

पायलट आला, रेघांच्या आत उभा राहिला आणि गोल फिरला.

"ही खोली नाही, हे मैदान आहे," तो म्हणाला.

"पुस्तकातलंच माप आहे."

"माझी बस केवढी रुंद असते ते मला माहिती आहे. यात माझी बस उभी राहील आणि वर कंडक्टर बाजूने चक्कर मारील."

"तुम्हाला मापातलं काय कळतंय?"

"मग परत मोज."

तिने परत मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना मध्येच थांबली, आणि कपाळावर हात मारून घेतला. तिने सवयीने चारी बाजूंना दुमडीचं सोडलं होतं, शिवाय रुंदीत चुण्यांचं धरलं होतं. डोकं जहाजाचं माप वाचत होतं, हात पडदा कापत होते.

"लोखंडाच्या भिंतीला चुण्या!" पायलट टाळी वाजवून म्हणाला. "अगं, जहाज आहे ते, झालर नाही!"

"हसा. हसून घ्या. आता खरी खोली बघा म्हणजे हसू जाईल."

तिने फडक्याने रेघा पुसल्या आणि नव्या मारल्या. नवी खोली झाल्यावर मात्र खरंच हसू गेलं. पलंग, कपाट आणि न्हाणी मांडल्यावर उभं राहायला जेमतेम एक बोळ उरत होता.

"रेघेबाहेर समुद्र," मास्तरने जाहीर केलं. "पाय टाकला की बुडाला."

चहा होईपर्यंत पायलट तीनदा बुडाला आणि प्रत्येक वेळी त्याने तोंडाने बसचा हॉर्न वाजवला. माझी खुर्ची समुद्रात येत होती. मी उठायला लागलो तर मास्तर म्हणाली, "तुम्ही बसा काका. तुम्ही बेट." एवढ्यात शटरखालून वाकून दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या, त्यांचे पडदे न्यायला.

"अहो बाई, तिथे नको!" मास्तर ओरडली. "ते न्हाणीघर आहे!"

डॉक्टरीणबाईंनी उडी मारली आणि सरळ पलंगावर उतरल्या. मग त्यांनीही तिथेच चहा घेतला आणि जाताना विचारलं, ही सहल नक्की कुठे जातेय.

हे सगळं हसणं वर ऐकू गेलं असणार. मुलगी जिन्यातल्या दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"तुझी जागा वर," पायलटने माळा दाखवला.

"मी येणार नाहीये, सांगितलंय."

"नको येऊस. नुसती बघून जा."

ती नुसती बघायला शिडी चढली. वर बसली. पाय आत घेतले. मग खाली येऊन घरातून एक पुस्तक घेऊन परत गेली. जरा वेळाने माळ्यावरून एक हात बाहेर आला. तिथे अस्तराचा एक तागा राहिला होता, त्याचं टोक त्या हाताने ओढलं, माळ्याच्या खिळ्यांना अडकवत अडकवत या कडेपासून त्या कडेपर्यंत नेलं, आणि मुलगी दिसेनाशी झाली.

"काय करतेस गं?" मास्तरने खालून विचारलं.

"काही नाही."

"मग कापड कशाला ओढलंस?"

"काही नाही करायला."

दुपारी मास्तर ताटलीत ब्रेड आणि अंडं घेऊन शिडी चढली आणि तिने कापड बाजूला केलं.

"आई! वाजवून ये ना!"

"कापडावर काय वाजवू?"

"काहीतरी वाजव."

मास्तरने कापड परत सोडलं. आमच्याकडे एकदा बघितलं. मग खिशातली छोटी कात्री काढून तिने शिडीच्या लाकडावर टकटक केलं.

"कोण आहे?"

"आई."

"काय काम आहे?"

"खायला आणलंय."

मग आवाज आला, "ये."

मास्तर गेली नाही. ताटली कापडाखालून आत सरकवली आणि शिडीवरच उभी राहिली. आता मला वाटतं, तोंड दिसत नव्हतं म्हणूनच त्या दोघी बोलू शकल्या. पण तेव्हा मला असलं काही सुचलं नव्हतं. तेव्हा मी एवढाच विचार करत होतो की उठून जावं का. आणि जायचं म्हटलं तर चारी बाजूंना समुद्र.

"आत्याकडे काय आहे गं असं?" मास्तरने विचारलं.

"खोलीला दार आहे."

"दार?"

"आत्या म्हणाली, मी गेले की ती बाहेर झोपेल. मला फक्त दार लावून बसायचंय. येता-जाता कुणी 'काय करतेस, काय करतेस' करणार नाही. तू विचारतेस, बाबा विचारतात, तुझी गिऱ्हाइकं विचारतात. तो गॅसवाला! तोसुद्धा सिलिंडर घेऊन जाता-जाता विचारतो."

ते खरं होतं. वरच्या बाहेरच्या खोलीत मुलीचा पलंग होता आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या पलंगाला वळसा घालूनच जायचा. शिवून झालेले पडदेही न्यायला येईपर्यंत तिच्याच पायथ्याशी रचलेले असायचे.

"मी पण विचारतो का?" मी बोललो. कसा बोललो मला माहीत नाही.

"तुम्ही नाही विचारत आजोबा. तुम्ही फक्त खोकता."

मास्तरने शिडीला टेकून डोळे मिटले. "अख्ख्या गावाला पडदे लावले मी," ती म्हणाली. "आणि घरात एक नाही."

"आहे की," पायलट म्हणाला. "न्हाणीला. प्लॅस्टिकचा."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही बुडालेले आहात."

कापडाआड कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हे बघ," मास्तर कापडाला म्हणाली, "आज संध्याकाळी तुझ्या पलंगाला लावते. रॉड आहे, कड्या आहेत, कापड तू निवड. आत्याकडे जायचंय ना? जा. तरी लावते."

आतून ब्रेड खाल्ल्याचा आवाज येत होता.

"आणि जहाजात?" तिने विचारलं.

"जहाजात काय?"

"तिथे लागेल का असा? बाबा घोरतात ते चालेल मला. पण असा पडदा पाहिजे, आणि मी ओढला की कुणी उघडायचा नाही. मग येते."

"येते म्हणालीस?"

"पडदा असेल तर म्हणाले."

"ऐकलंत ना?" मास्तर शिडीवरून आमच्याकडे वळली. "काका, तुम्ही साक्षीला आहात."

त्या संध्याकाळी घरचा पडदा लागला. सोमवारी पायलट बस घेऊन गेला, म्हणून मास्तर मला बरोबर घेऊन बुकिंगवालीकडे गेली. मी तिथे काही कामाचा नव्हतो. सोबत म्हणून होतो.

"या या!" बुकिंगवाली म्हणाली. "समुद्राच्या बाजूची देऊ ना खोली?"

"समुद्र राहू द्या. पडदा लावू देतात का ते सांगा."

"असतोच की हो पडदा. खिडकीला."

"खिडकीला नको. वरच्या पलंगाला. आमचा आम्ही आणू, शिवून."

बुकिंगवालीने आधी मास्तरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघितलं. मग तिने तिन्ही जहाजवाल्यांना विचारायला घेतलं. घसरगुंडीवाल्यांचं उत्तर लगेच आलं. भिंतीला काहीही लावायला सक्त मनाई. सज्जावाल्यांच्या फोनवर एक गोड आवाज 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं म्हणत राहिला. शेवटी आम्हाला ते पाठ झालं, पण पुढे काही गेलं नाही. तिसऱ्यांना लिहून विचारलं, तिकडून काही हालचाल नाही.

संध्याकाळ व्हायला आली.

"मॅडम, घसरगुंडीवाली खोली आता मला फार धरता येणार नाही," बुकिंगवाली म्हणाली. "मी सांगू का? घेऊन टाका ही. पडदा गुपचूप लावा. कोण बघायला येतंय?"

मास्तर गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत बसली. ती गुंडाळून झाली, मग सोडली, मग परत गुंडाळली. मला वाटलं घेतेय आता. मीही घेतली असती.

"आणि पहिल्याच दिवशी कुणी येऊन काढायला लावला तर?" ती म्हणाली. "मी पोरीला काय सांगू? मध्यसमुद्रात? नाही. सोडा ती खोली."

"सोडू? दुसरं काहीच हातात नाहीये तुमच्या."

"सोडा."

आम्ही परतलो तेव्हा मुलगी जिन्यात बसली होती. आई काय सांगणार याची वाट बघत नाहीये असं दाखवत बसली होती. मास्तरने जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, की घसरगुंडीवालं सोडलं, सज्जावाल्यांचं काही कळत नाही, तिसऱ्याची वाट बघायची.

"सोडलंस?" मुलीने विचारलं. "माझ्या पडद्यासाठी?"

"मग आणखी कुणाच्या?"

मुलगी वर गेली. कपाटाचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी बुकिंगवाली स्वतः रस्ता ओलांडून दुकानात आली. हातात कागद. बुटक्या जहाजावरच्या कुठल्यातरी माणसाने सविस्तर लिहिलं होतं. भिंती पोलादी आहेत. खिळा नको, डिंक नको, आग विझवणाऱ्या पाण्याची तोटी झाकायची नाही, आणि कापड सहज पेट न घेणारं हवं, तसा शिक्का असलेला तुकडा आधी दाखवा. एवढं सांभाळलंत तर खुशाल लावा. खाली आणखी एक ओळ होती, की आमचे खलाशीही आपल्या पलंगांना पडदे लावतात, त्याशिवाय कुणी कुणाचं तोंड एवढे महिने बघू शकणार नाही.

मास्तरने टेप गरगर फिरवली आणि ती जाऊन पंख्याला अडकली.

तसलं कापड तिच्याकडे होतं. एका शाळेच्या रंगमंचाचा मोठा पडदा तिने शिवला होता, त्यातलं उरलेलं, काठावर शिक्का असलेलं. रंग एकच, काळपट हिरवा. मुलीने ते दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "बरा आहे." त्या वर्षी तिने कशाचंही केलेलं हे सर्वांत मोठं कौतुक होतं.

पोलादी भिंत म्हणजे लोहचुंबक. पडदा नीट खाली पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाची वजनं घालतात. मास्तरने त्याच पद्धतीने वरच्या दुमडीत चुंबक शिवले आणि ट्रायलसाठी पडदा दुकानाच्या शटरला आतून लावला. छान राहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बाहेरून गिऱ्हाइकाने शटर वर केलं आणि पडदा शटरबरोबर वर जाऊन गुंडाळला गेला. तो सोडवायला पायलटची सुट्टी उजाडावी लागली. सोडवून टेबलावर ठेवला तर दुकानातल्या झाडून साऱ्या टाचण्या येऊन त्याला चिकटल्या. अंगावर काटे आलेल्या जनावरासारखा दिसायला लागला.

त्या टाचण्या काढायला मुलगी बसली. मास्तर एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. एकेक टाचणी काढून वाटीत टाकायची. आधी नुसता वाटीचा आवाज येत होता. मग मुलगी वर्गातल्या कुणाबद्दल तरी सांगायला लागली, मग त्या कुणाच्यातरी भावाबद्दल, मग स्वतःबद्दल. टाचण्या संपल्या तरी ती बोलत होती, तेव्हा मास्तरने काय केलं? वाटी हळूच पडद्यावर पालथी केली.

"आई!" मुलगी ओरडली. "मुद्दाम केलंस!"

"हात निसटला."

"खोटं!"

मी पेपर तोंडासमोर धरून खोकला दाबत बसलो होतो.

जायच्या दिवशीची सकाळ मला चांगली आठवते, कारण त्यानंतर मास्तर मला भेटलेली नाही. त्यांचं जहाज परत यायच्या आत माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, माझा मुलगा येऊन मला त्याच्या गावी घेऊन आला आणि माझी खोली विकून टाकली. फोनवर बोलणं मला जमत नाही, त्यामुळे कळतं ते मास्तरच्या मुलीच्या निरोपांतून. पडदा एकदाही पडला नाही, असं तिने कळवलं होतं. आणि पायलटने पहिल्याच दिवशी कप्तानाला गाठून विचारलं होतं, की याला थांबवायचं झालं तर किती आधीपासून दाबायला लागतं.

त्या सकाळी टॅक्सी इमारतीसमोर उभी होती. मुलगी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर हिरव्या पडद्याची गुंडाळी. पायलट मागे बसला होता आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच त्याचा पाय पुढच्या सीटखाली रुतलेला होता. मास्तर अजून दुकानाच्या पायरीवर, शटरच्या कुलपाशी.

"आई! चल ना!"

"आले, आले. काका, आतली इस्त्री बंद केलीय ना मी?"

"केलीस. मी बघितलीय."

"हॉटेलवाल्याचे पडदे?"

"कालच नेले त्याने."

"पाण्याचा नळ?"

"बंद आहे."

मुलीने टॅक्सीवाल्याच्या पुढ्यातून हात घालून हॉर्न वाजवला. बापाचीच लेक. मग खिडकीतून अर्धी बाहेर आली. "आई! अगं ये ना लवकर! आईऽऽ!"

"जा आता मास्तर," मी म्हणालो. "पोरगी केव्हाची हाका मारतेय."

मास्तरने किल्ली माझ्या हातात ठेवली, पण पायरीवरून हलली नाही.

"मारू दे हो काका," ती म्हणाली. "जरा ऐकू दे."